यादी पाठ होती, म्हणूनच चुकलं

घणसोलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय एकोणचाळीस. शिक्षण सातारा जिल्ह्यात, मराठी माध्यमातून, बारावीपर्यंत. ठाण्यात साड्यांच्या एका दुकानात हिशेबाचं काम करतात. मुलगी पाचवीत, इंग्रजी माध्यमात. चाचणी परीक्षेत ‘पार्ट्स ऑफ स्पीच’च्या, म्हणजे शब्दांच्या जातींच्या, प्रश्नाला तिला दहापैकी तीन गुण पडले. त्याआधी पंधरा दिवस ताईंनी रोज रात्री तिच्याकडून याद्या घोकून घेतल्या होत्या: नाउनची यादी, प्रीपोझिशनची यादी, ‘ली’ने संपतो तो अ‍ॅडव्हर्ब, वगैरे. पेपर घरी आल्यावर ताई समजावायला बसल्या, तर मुलगी म्हणाली, “आई, राहू दे. तुला नाही येणार.” मिस्टर म्हणतात, सोसायटीतल्या क्लासला घालू, महिना पंधराशे. जाऊबाई म्हणतात, तूच स्पोकन इंग्लिशचा कोर्स कर. ताई विचारतात, “माझाच पाया कच्चा. माझ्यामुळे मुलीचं नुकसान होतंय का? क्लास लावू, मी शिकू, की यातून अंग काढून घेऊ? माझं इंग्रजी झीरो आहे.” मुलीची चुकलेली चार वाक्यंही त्यांनी पत्रात उतरवून पाठवली आहेत.

ताई,

ती चार वाक्यं पाठवलीत हे फार बरं केलंत. पालक गुण कळवतात, चुका कळवत नाहीत. आणि खरी गोष्ट चुकांत असते.

‘कम इनसाइड’ यातल्या ‘इनसाइड’ला मुलीने प्रीपोझिशन लिहिलं. ‘अवर फ्रेंडली नेबर’ यातल्या ‘फ्रेंडली’ला अ‍ॅडव्हर्ब. ‘वी वॉटर द प्लांट्स’ यातल्या ‘वॉटर’ला नाउन. आणि ‘वॉकिंग इज गुड फॉर हेल्थ’ यातल्या ‘वॉकिंग’ला व्हर्ब. चारही चूक.

आता तुमच्या याद्या समोर ठेवा. ‘इनसाइड’ प्रीपोझिशनच्या यादीत आहे. ‘फ्रेंडली’ ‘ली’ने संपतो. ‘वॉटर’ ही वस्तू. ‘वॉकिंग’ ही क्रिया. म्हणजे पोरीने तुमचं सगळं ऐकलं. जे पाठ करून घेतलंत ते तिने जसंच्या तसं कागदावर उतरवलं. ती आळशी नाही, कच्चीही नाही. यादी पाठ नसती तर कदाचित एखादं उत्तर अंदाजाने बरोबर आलं असतं.

तेव्हा ‘माझ्यामुळे नुकसान होतंय का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘हो’ आहे. पण तुम्ही समजता त्या कारणासाठी नाही. तुम्हाला इंग्रजी कमी येतं म्हणून हे झालेलं नाही. शब्दाची जात कपाळावर लिहिलेली असते असं तुम्ही धरून चाललात, म्हणून झालं. हा समज उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांचाही असतो, आणि थोड्या शिक्षकांचाही. माझाही होता, ते पुढे सांगते.

मराठीतला ‘वर’ घ्या. ‘नवरीला वर पसंत आहे’ यात तो नाम. ‘डबा टेबलावर आहे’ यात शब्दयोगी अव्यय. ‘लवकर वर ये’ यात क्रियाविशेषण. शब्द तोच, अक्षरं तीच, वाक्यातलं काम वेगळं. तुम्हाला कोणी विचारलं की ‘वर’ची जात कोणती, तर तुम्ही म्हणाल, आधी वाक्य सांगा. इंग्रजी शब्दालाही तेच विचारायचं. ‘इनसाइड द हाउस’ म्हणजे घराच्या आत. इथे तो ‘हाउस’ला धरून आहे, म्हणून प्रीपोझिशन. ‘कम इनसाइड’ म्हणजे आत ये. इथे धरायला नामच नाही, कुठे यायचं तेवढं तो सांगतो, म्हणून अ‍ॅडव्हर्ब.

बाकीची तीनही मराठीतून सुटतात. ‘फ्रेंडली नेबर’ म्हणजे मनमिळाऊ शेजारी. शेजारी कसा? मनमिळाऊ. विशेषण झालं, शेवटी ‘ली’ असो नाहीतर काही असो. ‘लव्हली’, ‘लोन्ली’ हेही त्यातलेच. ‘वॉकिंग इज गुड’ म्हणजे चालणं चांगलं. ‘चालणं’ला आपण शाळेत धातुसाधित नाम म्हणायचो, आठवतं? धातूपासून बनलं, पण काम नामाचं करतं. तोच ‘इंग’वाला शब्द ‘रनिंग वॉटर’मध्ये ‘वाहतं पाणी’ होतो, म्हणजे विशेषण. आणि ‘ही इज रनिंग’मध्ये ‘इज’चा हात धरून क्रियापद. ‘वॉटर द प्लांट्स’ जरा फसवं आहे, कारण मराठीत आपण झाडांना ‘पाणी घालतो’, दोन शब्द लागतात, आणि त्यातला ‘पाणी’ नामच असतो. इंग्रजीने एकाच शब्दात भागवलंय. इथे वेगळी युक्ती वापरा: शब्द काढून बघा. ‘वी द प्लांट्स’. वाक्य कोसळलं ना? ज्याच्यावाचून वाक्य उभंच राहत नाही तो बहुधा व्हर्ब.

इथे आपल्या व्याकरणाची थोडी बाजू घेते. मराठीत क्रियापदाची व्याख्या काय शिकलात? वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द. इंग्रजी माध्यमाच्या छोट्या वर्गांत सांगतात, व्हर्ब म्हणजे ‘डूइंग वर्ड’. मग पोरांना ‘इज’ आणि ‘हॅव’ व्हर्ब वाटत नाहीत, कारण त्यात कोणी काही करत नसतं, आणि ‘द फाइट वॉज लाँग’मधला ‘फाइट’ मात्र व्हर्ब वाटतो, कारण त्यात मारामारी आहे. ‘वाक्य कोण पुरं करतो’ हा तुमच्या सातवीतला प्रश्न दोन्हीकडे बरोबर उत्तर देतो.

म्हणून तुमचं ते ‘पाया कच्चा’ मला मान्य नाही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी: या आठ जाती तुम्ही झोपेतही म्हणाल. नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रीपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन: त्याही आठ, आणि जवळजवळ त्याच क्रमाने जोडीला बसतात. हा योगायोग नाही. आपल्या शाळेतल्या या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच मांडल्या गेल्या. ती वाट पाडली दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या मराठी व्याकरणाने, १८३६ साली. म्हणजे ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच्या सतरा वर्षं आधी. एरवी आपल्याकडे संस्कृतातल्या निरुक्तकार यास्काने पदांच्या चारच जाती सांगितल्या होत्या: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात. व्याकरणकार पाणिनीचं तर दोनांत भागलं, सुबन्त (नामासारखी चालणारी) आणि तिङन्त (क्रियापदं). तेव्हा ‘आठ’ हा काही देवाने दिलेला आकडा नाही. मुलीच्या एखाद्या पुस्तकात नऊ दिसल्या तरी दचकू नका. तिथे ‘ए, अ‍ॅन, द’ यांना वेगळं ताट वाढलेलं असतं. काही पुस्तकं त्यांना अ‍ॅडजेक्टिव्हच्याच पंगतीला बसवतात. मराठीत त्यांच्या जोडीचं कोणी नाही, म्हणून आपल्याकडची माणसं इंग्रजी बोलताना ‘द’ गाळतात किंवा नको तिथे घालतात. मीही गाळते.

सांगायचं हे की इंग्रजी माध्यमाने तुमच्यापासून जे लपवून ठेवलंय असं तुम्हाला वाटतं, ते तुमच्याच दप्तरात होतं. फक्त वरची चिठ्ठी बदलली आहे.

आता मराठी कुठे दगा देते तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढच्या चाचणीला माझ्या नावाने खडे फोडाल. सगळ्यात मोठी गडबड प्रीपोझिशनची. आपण शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून जोडतो आणि नामाचं रूपही बदलतो: टेबल, टेबलाखाली. इंग्रजी ते नामाच्या पुढे, सुटं ठेवतं: ‘अंडर द टेबल’. शिवाय आपल्याकडे बरंचसं काम विभक्तीचे प्रत्यय करतात. घरात, ठाण्याला, पेनाने, रविवारी. यात शब्दयोगी अव्यय एकही नाही, पण इंग्रजीत चारही ठिकाणी प्रीपोझिशन येतं: इन द हाउस, टू ठाणे, विथ अ पेन, ऑन संडे. म्हणजे ‘प्रीपोझिशन म्हणजे शब्दयोगी’ एवढंच मुलीला सांगितलंत तर ती ‘घरात’पाशी अडेल. ‘शब्दयोगी आणि विभक्तीचे प्रत्यय, दोघांचं मिळून इंग्रजीत एकच खातं’ असं सांगा. तुम्ही हिशेब ठेवता, तुम्हाला खातं समजावता येईल.

दुसरी गोष्ट, भाषांतर करताना जात बदलते. ‘मला भूक लागली’ यात भूक नाम आहे. ‘आय अ‍ॅम हंग्री’ यात हंग्री अ‍ॅडजेक्टिव्ह. म्हणून मराठी करून बघायचं ते अर्थ नीट कळावा यासाठी. शेवटचा निकाल मात्र इंग्रजी वाक्यातच लावायचा. अर्थ मराठीत, जात इंग्रजीत. हा क्रम मोडू नका.

सर्वनाम आणि उभयान्वयी यांत फारसं काही शिकवावं लागत नाही, मुलांना ते आपोआप जमतं. एकच खोडी लक्षात ठेवा: ‘आफ्टर लंच’मध्ये ‘आफ्टर’ प्रीपोझिशन असतं, पण ‘आफ्टर ही लेफ्ट’मध्ये त्याच्यामागे आख्खं वाक्य येतं, म्हणून कंजंक्शन. पाचवीला हे विचारतीलच असं नाही. केवलप्रयोगी तर तुमच्या दुकानात दिवसभर चालू असतं. अय्या, अरे वा, शी!

आता माझं सांगते. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. एकदा रात्री पेपर तपासताना ‘शी वर्क्स हार्ड’मधल्या ‘हार्ड’ला एका मुलीने अ‍ॅडव्हर्ब लिहिलं होतं, ते मी लाल पेनाने कापलं. माझ्या डोक्यात ‘हार्ड’ म्हणजे कठीण, कठीण म्हणजे विशेषण, अशी गाडी रुळावर होती. दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, ती कसं काम करते ते सांगतोय ना हा?” वर्गातली पंचावन्न पोरं बघत होती. मी गुण दिला, आणि मग बसून बाकीचे पेपर पुन्हा काढले. आणखी सहा जणांचा तोच गुण मी खाल्ला होता. इंग्रजीची पदवी घेतलेल्या बाईचा पाया हा असा होता, ताई.

त्या मुलीने विचारला तोच प्रश्न घरी वापरा. हा शब्द इथे कोणाबद्दल सांगतोय? नामाबद्दल सांगत असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह. क्रियापदाबद्दल, विशेषणाबद्दल किंवा दुसऱ्या अ‍ॅडव्हर्बबद्दल सांगत असेल तर अ‍ॅडव्हर्ब. यादीऐवजी हा एक प्रश्न पाठ असला तरी पाचवीचं निम्मं काम झालं.

सराव कुठे करायचा? वही उघडायची गरज नाही. रविवारी मुलीला घेऊन ठाण्याला येत असाल तर गाडीतच सुरू करा. ‘पुढील स्थानक ऐरोली, अगला स्टेशन ऐरोली, नेक्स्ट स्टेशन ऐरोली.’ तीन भाषांत एकच वाक्य, आणि तेही तुम्ही फी न भरता. ‘पुढील’ कोण? ‘नेक्स्ट’ कोण? स्थानक कोणतं ते सांगतात, म्हणजे दोघंही विशेषण. ‘माइंड द गॅप’ अशी सूचना लागते, तेव्हा तिला विचारा, ‘माइंड’ म्हणजे मन ना, मग नाउन? ती बहुतेक हो म्हणेल. मग विचारा, मराठीत काय सांगतात? ‘अंतराकडे लक्ष द्या.’ द्या! तिचा चेहरा बघा तेव्हा. पुढे ‘बिट्वीन’ येतो, तो फलाट आणि गाडीच्या आधी उभा. आपला ‘मधील’ दोघांच्या मागून येतो. प्रीपोझिशनचा आख्खा धडा फलाट आणि गाडीमधल्या फटीत मावतो.

तुमच्या ट्रान्स हार्बरवर सगळ्याच गाड्या स्लो, पण ठाण्याला उतरल्यावर मेन लाइनच्या फलाटावर ‘फास्ट’ ऐकू येईलच. तो एक शब्द घ्या आणि त्याला चार नोकऱ्या लावा. ‘वी टुक अ फास्ट लोकल’: लोकल कशी, अ‍ॅडजेक्टिव्ह. ‘द लोकल रन्स फास्ट’: धावते कशी, अ‍ॅडव्हर्ब. ‘आजी फास्ट्स ऑन एकादशी’: उपास करते, व्हर्ब. ‘शी ब्रोक हर फास्ट’: उपास सोडला, नाउन. आणि सकाळचा ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे रात्रभराचा उपास मोडणं, हे कळल्यावर पाचवीतली मुलं का कोण जाणे फार खूश होतात. घरी आल्यावर ‘बॅक’ हा शब्द तिच्या हवाली करा आणि म्हणा, याला तू चार नोकऱ्या शोध. पाठ, मागचा दरवाजा, परत ये, पाठिंबा दे; तिला सापडतील. तीन सापडल्या तरी चालेल.

रोज नको. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. पंधरा दिवसांच्या रोजच्या घोकंपट्टीने पोर आधीच शिणली असणार.

आता क्लास. मी क्लासविरोधी नाही. तुम्ही दुकानातून घरी पोहोचता किती वाजता ते पत्रात नाही, पण साड्यांचं दुकान म्हणजे सणासुदीला नऊही वाजत असतील. त्या दिवसांत कोणीतरी मुलीचा अभ्यास घेतला तर त्यात कमीपणा कसला? मात्र पंधराशे देण्याआधी एक दिवस मुलीला नुसतं बसवून बघा आणि संध्याकाळी तिची वही उघडा. वहीत शब्दांच्या याद्या असतील तर ते काम तुम्ही फुकटात करत होतात, आणि निकाल समोर आहे. वहीत वाक्यं असतील, शब्दाखाली रेघ असेल, बाजूला ‘का’ लिहिलेलं असेल, तर खुशाल घाला. आणि मिस्टरांना एक विचारा: इंग्रजीचा बाकीचा पेपर मुलीला जमतो का? धडे, निबंध, प्रश्नोत्तरं ठीक असतील आणि एवढा एकच प्रश्न अडत असेल, तर तेवढ्यासाठी वर्षभराचा क्लास मला जड वाटतो. त्याआधी वर्गशिक्षिकेला भेटा. पालकसभेत मराठीत बोला, न अडखळता. ‘तिने ‘इनसाइड’ला प्रीपोझिशन का लिहिलं हे मला कळलंय, वर्गात वाक्यातून करून घ्याल का?’ एवढं वाक्य पुरे. असं विचारणारे पालक शिक्षकांच्या लक्षात राहतात, भाषा कुठलीही असो.

जाऊबाईंच्या सूचनेत मात्र दोन गोष्टींची सरमिसळ आहे. मुलीच्या व्याकरणासाठी तुम्ही स्पोकन इंग्लिशला जाण्यात अर्थ नाही. तिथे बोलायला शिकवतात, शब्दांच्या जाती नाही. आणि जाती ओळखणाऱ्याला बोलता येतंच असंही नाही. आपण मराठी आधी बोलायला लागलो, सर्वनाम म्हणजे काय ते कितीतरी वर्षांनी कळलं. पण तुम्हाला स्वतःला, गिऱ्हाइकाशी किंवा बँकेत बोलण्यासाठी, इंग्रजी हवं असेल तर जरूर जा. तुमच्या पत्राच्या ओळींमागे मला ती इच्छा दिसली. चुकत असेन तर सांगा. मग मुलीच्या दहापैकी तीनचा आधार घेऊ नका, ‘मला हवंय’ म्हणून जा. तुमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून सुरू झालं २००० साली. चार वर्षं उशिरा सुरुवात झाली, तो काही तुमचा दोष नव्हे.

राहिलं ‘तुला नाही येणार’. हे शब्द तुम्हाला गुणांपेक्षा जास्त लागले, हे पत्राच्या अक्षरातही दिसतं. तिथे शाई दाबून लिहिलीय. दहा वर्षांची मुलगी असं बोलते तेव्हा तिला आईचं इंग्रजी मोजायचं असतंच असं नाही. पंधरा दिवस घोकूनही पडले, आता पुन्हा तेच नको, हे सांगायची तिची ती पद्धत असू शकते. तेव्हा रागावू नका आणि स्वतःला सिद्धही करायला जाऊ नका. तिला म्हणा, याद्यांचं माझं चुकलं. (हे खरंच म्हणा, मुलांना आईबापांच्या तोंडून हे क्वचित ऐकायला मिळतं.) मग वाटणी करा: वाक्याचा अर्थ आणि शब्दाचं काम तुम्ही मराठीत सांगाल, इंग्रजी नाव ती सांगेल. ‘अ‍ॅडजेक्टिव्ह’चा उच्चार ती सुधारेल, सुधारू द्या. ‘धातुसाधित नाम’ तिला म्हणता येणार नाही, तेव्हा तुम्ही हसा.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘माझं इंग्रजी झीरो आहे.’ हे वाक्य आज रात्री तिला इंग्रजीत करायला सांगा, आणि ‘झीरो’ची जात विचारा. इंग्रजी कसं आहे ते सांगतो म्हणून मी विधिविशेषण (नामाच्या नंतर येणारं विशेषण) म्हणेन. ती म्हणेल आकडा आहे, म्हणून नाउन, आणि तिच्या म्हणण्यातही दम आहे. तुम्ही कोणाच्या बाजूने, ते कळवा.